ओटीत (शस्त्रक्रियागृहात) रेसिडेंटचा हात कसा पाहावा : भूलशास्त्राच्या नव्या शिक्षकांसाठी प्रात्यक्षिक मूल्यमापनाचे मार्गदर्शन

हा लेख पुण्यातल्या अध्यापन रुग्णालयांत नुकतेच सीनियर रेसिडेंट किंवा सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालेल्या भूलतज्ज्ञांसाठी लिहिला आहे. बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय असो, एएफएमसी असो, भारती विद्यापीठ असो किंवा पिंपरीचे वायसीएम असो, रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत एखादा जेआर, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारा ज्युनियर रेसिडेंट, लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही) पुढे करून सही मागतो. त्या सहीचा अर्थ काय, ती कशाच्या आधारावर करायची आणि कधी नाकारायची, हे आपल्याला सहसा कोणी शिकवलेले नसते. आपल्याला श्वासनलिकेत ट्यूब घालता येते; समोरच्याला ती सुरक्षितपणे घालता येते की नाही हे ओळखणे ही निराळी विद्या आहे आणि ती मुद्दाम शिकावी लागते.

सुरुवातीलाच माझे मत स्पष्ट सांगतो. ट्यूब गेली, स्पायनल (पाठीत सुईने दिलेली, कंबरेखालची भूल) लागले, लाईन (शिरेतली नळी) मिळाली, एवढ्यावरून कौशल्य ठरवणे हा आपल्या विषयातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. सोप्या मानेच्या, निरोगी रुग्णाला ट्यूब अडखळत घातली तरी जाते, आणि अवघड रुग्णात उत्तम हाताचा माणूसही पहिल्या प्रयत्नात अपयशी ठरतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या यश मोजण्याऐवजी काम पाहण्यासाठी आहेत.

पहिली पायरी : कोणता निर्णय घ्यायचा आहे ते ठरवा

प्रत्येक मूल्यमापनामागे एक निर्णय असतो आणि तो आधी ठरवला नाही तर गुण कितीही काळजीपूर्वक दिले तरी ते कोणाच्या उपयोगाचे राहत नाहीत. ‘हा मुलगा हुशार आहे का’ हा प्रश्न आपल्यापुढे नसतो. ‘आज रात्री सिझेरिअन आले आणि मी शेजारच्या ओटीत अडकलो, तर याने स्पायनल सुरू केलेले चालेल का’ हा खरा प्रश्न असतो.

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये मांडलेला पिरॅमिड इथे उपयोगी पडतो. तळाशी ‘माहीत आहे’, त्यावर ‘कसे करायचे ते माहीत आहे’, त्यावर ‘करून दाखवतो’ आणि शिखरावर ‘रोजच्या कामात प्रत्यक्ष करतो’ अशा त्याच्या चार पातळ्या आहेत. लेखी परीक्षा आणि व्हायवा (तोंडी परीक्षा) खालच्या दोन पातळ्यांवर चालतात, मॅनिकिनवरची (सरावाच्या पुतळ्यावरची) परीक्षा तिसरीवर, आणि चौथी पातळी फक्त ओटीत, चालू लिस्टमध्ये, तुमच्या डोळ्यांसमोरच दिसू शकते. विद्यापीठाच्या परीक्षेत पहिला आलेला रेसिडेंट पहाटे तीन वाजता मास्क नीट धरतो का, हे परीक्षेतून कळत नाही.

निर्णयाची भाषा ओले टेन केट यांनी २००५ मध्ये मांडलेल्या विश्वासाच्या कल्पनेतून घेता येते. तिच्यात पाच पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर रेसिडेंट फक्त पाहतो, दुसऱ्या पातळीवर वरिष्ठ खोलीत असताना करतो, तिसऱ्या पातळीवर वरिष्ठ हाकेच्या अंतरावर असताना करतो, चौथ्या पातळीवर स्वतंत्रपणे करतो आणि पाचव्या पातळीवर कनिष्ठांवर देखरेख ठेवतो. दहापैकी सात गुण म्हणजे काय यावर दोन शिक्षकांचे एकमत होणे कठीण असते, पण ‘याच्या केसला मी खोलीत हवा की नको’ यावर ते बऱ्याचदा होते. पातळी नेहमी कौशल्यागणिक ठरवावी, कारण स्पायनलमध्ये चौथ्या पातळीवर असलेला रेसिडेंट लहान मुलाच्या ट्यूबमध्ये दुसऱ्याच पातळीवर असू शकतो.

हा निर्णय आता आणखी एका कारणाने महत्त्वाचा झाला आहे. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२३ च्या पदव्युत्तर नियमांनुसार प्रत्येक रेसिडेंटला तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा निवासी कार्यक्रमासाठी जावे लागते. तुमच्या विभागाबाहेर तो कोणत्या गोष्टी दूरच्या देखरेखीखाली करू शकतो आणि कोणत्या नाही, हे जाण्याआधी लेखी ठरवून ठेवणे ही तुमची जबाबदारी आहे.

दुसरी पायरी : कौशल्याचे तुकडे पाडा, पण पीठ करू नका

पाहायचे काय हे कागदावर नसेल तर डोळा नेहमी नाट्यमय क्षणाकडे जातो आणि आपल्या कामात तो क्षण बहुधा स्वरयंत्रावरून ट्यूब सरकण्याचा असतो. इन्ट्युबेशनचे, म्हणजे ट्यूब घालण्याचे, मूल्यमापन मात्र त्याच्या बरेच आधी सुरू होते. रेसिडेंटने मशीन तपासले का, सक्शन चालू करून उशीपाशी ठेवले का, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि दुसऱ्या मापाचे ब्लेड हाताशी आहे का, एअरवे (श्वसनमार्ग) स्वतः तपासला की फाइलमधली मॅलमपाटीची (तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो याची) नोंद वाचून दाखवली? प्रीऑक्सिजनेशन, म्हणजे भुलीआधी ऑक्सिजन देणे, तीन मिनिटे घट्ट मास्कने झाले का, की मास्क नुसताच गालावर टेकवलेला होता? मॉनिटरवर श्वासातला ऑक्सिजन दिसत असेल तर उच्छ्वासाच्या शेवटी तो ९० टक्क्यांपर्यंत पोहोचला का, याकडे रेसिडेंटचे लक्ष आहे की नाही हेही पाहावे.

मास्क व्हेंटिलेशन, म्हणजे मास्क आणि बॅगेने श्वास देणे, हे माझ्या मते आपल्या विषयातले सर्वांत दुर्लक्षित कौशल्य आहे. लॉगबुकमध्ये त्याला फारशी जागा नसते आणि सही मागायलाही कोणी येत नाही, पण ट्यूब जात नाही तेव्हा रुग्णाला जिवंत ठेवणारी गोष्ट तीच असते. जबडा खरोखर पुढे उचलला जातो की मास्क चेहऱ्यावर खाली दाबला जातो, बोटे हाडावर आहेत की हनुवटीखालच्या मऊ भागात रुतली आहेत, छाती उठत नाही हे किती लवकर लक्षात येते, आणि लक्षात आल्यावर रेसिडेंट एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी) घालतो, दोन्ही हातांनी मास्क धरून दुसऱ्याला बॅग दाबायला सांगतो की नुसती बॅग जोरात पिळतो, एवढे पाहिले तरी पुरेसे कळते. पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटचे पहिले औपचारिक निरीक्षण याच कौशल्याचे करावे असा माझा आग्रह आहे.

यादी करताना एक धोका सांभाळावा. चाळीस-पन्नास कलमांची यादी केली की तुमचे डोळे कागदावर राहतात, आणि प्रत्येक कलमावर बरोबरची खूण मिळवणारा रेसिडेंट एकंदरीत असुरक्षितही असू शकतो. टोरांटोत १९९० च्या दशकात शल्यकौशल्याच्या मूल्यमापनासाठी जी पद्धत तयार झाली तिच्यात यादीबरोबर एकंदर श्रेणीही ठेवली होती. ऊतींशी वागणूक, हालचालींतली काटकसर, उपकरणांची ओळख, कामाचा ओघ अशा बाबी तिच्यात श्रेणीने मोजल्या जातात. अनुभवी परीक्षकाच्या हातात ही एकंदर श्रेणी अनेकदा यादीपेक्षा अधिक सांगून जाते. म्हणून यादी दहा-बारा कलमांत संपवावी, त्यांतली जी कलमे हुकल्यास बाकीचे सगळे बरोबर असूनही निरीक्षण नापास ठरेल ती ठळक करावीत, आणि खाली एकंदर श्रेणीला जागा ठेवावी. इन्ट्युबेशनमध्ये असे ठळक कलम कॅप्नोग्राफचे, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राचे, आहे. छातीला स्टेथोस्कोप लावून ‘एअर एन्ट्री आहे, सर’ म्हणणे पुरेसे नाही. कॅप्नोग्राफवर किमान सात श्वास टिकणारा कार्बन डायऑक्साइडचा आलेख दिसेपर्यंत ट्यूब श्वासनलिकेत आहे असे मानू नये, असे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

तिसरी पायरी : केस सुरू होण्याआधी दोन मिनिटे बोला

निरीक्षण अचानक करू नये. लिस्ट सुरू होण्याआधी रेसिडेंटला सांगावे की आज अमुक केसमध्ये मी तुझे स्पायनल पाहणार आहे, हे डॉप्स आहे, म्हणजे प्रत्यक्ष कौशल्याचे थेट निरीक्षण, आणि त्यातून तुला पुढे काय करायचे हे ठरेल. त्याला स्वतःला कोणती गोष्ट अवघड जाते हेही विचारावे. ‘मॅडम, सुई हाडाला लागली की मला दिशा कळत नाही,’ असे उत्तर मिळाले तर तुम्हाला कुठे लक्ष द्यायचे ते आयते समजते.

दुसरी गोष्ट थांबण्याच्या रेषेची. रुग्णाची सुरक्षितता मूल्यमापनाच्या वर आहे, हे सांगायला सोपे असले तरी आयत्या वेळी हात पुढे करावा की नाही यात नवा शिक्षक घुटमळतो. म्हणून रेषा आधीच बोलून ठेवावी : लॅरिंगोस्कोपीचे (स्वरयंत्र पाहून ट्यूब घालण्याचे) इतकेच प्रयत्न, सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९५ च्या खाली उतरू लागले की लॅरिंगोस्कोप बाहेर आणि मास्क चेहऱ्यावर, आणि मी ‘आता मी घेतो’ म्हटले की वाद न घालता बाजूला व्हायचे. ब्रिटनच्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने २०१५ मध्ये लॅरिंगोस्कोपीचे तीन प्रयत्न आणि अधिक अनुभवी व्यक्तीचा आणखी एक, अशी कमाल मर्यादा घातली. आपल्याकडच्या ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या सूचनाही प्रयत्न मर्यादित ठेवण्यावर आणि मधल्या काळात नाकावाटे ऑक्सिजन चालू ठेवण्यावर भर देतात. शिकणाऱ्यासाठी मी ही मर्यादा याहून कडक, म्हणजे दोन प्रयत्नांचीच ठेवावी असे म्हणेन, कारण तिसरा प्रयत्न तुमच्यासाठी शिल्लक राहायला हवा.

अवघड रुग्णावर पहिले निरीक्षण करू नये, हे वेगळे सांगायला नको.

चौथी पायरी : बाजूला उभे राहा आणि गप्प राहा

तुम्हाला रेसिडेंटचे हात, रुग्णाचा चेहरा आणि मॉनिटर हे तिन्ही दिसतील अशी जागा निवडावी. रेसिडेंटच्या खांद्यावरून डोकावल्यास हात दिसतात पण रुग्ण दिसत नाही. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप वापरत असाल तर स्क्रीन दोघांना दिसतो ही मोठी सोय आहे, आणि अल्ट्रासाउंडवरच्या ब्लॉकमध्ये (ठरावीक नस बधिर करताना) तर सुईचे टोक दिसत नसताना सुई पुढे ढकलली की ढकलणे थांबवले, हे स्क्रीनवर स्पष्ट दिसते.

एक उदाहरण जवळून पाहू. मुळशीकडच्या, खुब्याचे हाड मोडलेल्या एका आजींना स्पायनल द्यायचे आहे आणि दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट ते देणार आहे. अशा रुग्णाला वॉर्डात रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन चालू असण्याची शक्यता मोठी असते. त्यांपैकी एनॉक्सापरिनच्या प्रतिबंधक डोसनंतर १२ तास गेले आहेत की नाहीत हे त्याने ड्रग चार्ट उघडून पाहिले, की सिस्टरला ‘काही चालू आहे का’ एवढेच विचारले, ही पहिली नोंद. रक्तदाब वाढवणारे मेफेन्टरमाइन भरून, लेबल लावून ठेवले आहे का, सलाईन खरोखर वाहते आहे का, ही दुसरी. मोडलेल्या पायासह आजींना बसवताना किंवा कुशीवर वळवताना होणाऱ्या वेदनेचा विचार त्याने आधी केला का, फेमोरल किंवा फॅसिया इलिआका ब्लॉक दिला का, ही तिसरी. इथपर्यंत सुई पाठीजवळही आलेली नाही आणि तुमच्या कागदावर बरेच काही उतरलेले आहे.

मग तो आजींशी काय बोलतो ते ऐकावे. ‘आजी, खांदे सैल सोडा, हनुवटी छातीला लावा आणि मी सांगेपर्यंत हलू नका, टोचताना आधी सांगेन,’ असे स्पष्ट, धीर देणारे वाक्य हा कौशल्याचाच भाग आहे. शासकीय महाविद्यालयांतल्या पदव्युत्तर जागांपैकी ५० टक्के अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात, त्यामुळे पुण्यातल्या कित्येक रेसिडेंटांची मातृभाषा मराठी नसते. त्याचे व्याकरण तपासू नये; त्याने गरजेची वाक्ये शिकून घेतली आहेत का आणि आजींना कळले की नाही याची खात्री केली का, एवढेच पाहावे. समोरून आजींना आधार देणाऱ्या मामांना (वॉर्डबॉयना) त्याने कुठे धरायचे ते सांगितले का, हेही बघावे.

पुढे जंतुनाशक वाळू दिले का, ते औषधाच्या ट्रेपासून दूर ठेवले का, कंबरेच्या हाडांवरून रेषा धरून जागा ठरवताना शंका आली तर तो खालची जागा निवडतो का, ते पाहावे. हाताने ठरवलेली जागा प्रत्यक्षात एखादा मणका वर निघणे सामान्य आहे, म्हणून वरच्या बाजूला जाण्याची सवय धोक्याची. सुई हाडाला लागली. आता हात बोलतो. चांगला रेसिडेंट थांबतो, किती खोलीवर लागली याचा अंदाज घेतो, सुई त्वचेखालच्या थरापर्यंत मागे घेतो आणि मग दिशा बदलतो. घाबरलेला रेसिडेंट खोलवर असतानाच सुई वाकवून इकडेतिकडे शोधत राहतो. आजी ‘पायात कळ आली गं’ म्हणाल्या तर तो लगेच थांबतो का? सुईतून मणक्यातले पाणी स्वच्छ आल्यावर औषध देतो, आजींना निजवतो, आणि त्यानंतरची मिनिटे त्याचे डोळे कुठे असतात? ब्लडप्रेशर लगेच आणि वारंवार मोजले, थंड बोळ्याने बधिरपणाची पातळी तपासली आणि मगच सर्जनला ‘सुरू करा’ म्हटले, तर काम पूर्ण झाले.

दुसऱ्या ओटीतल्या त्याच्याच बॅचच्या रेसिडेंटचे स्पायनल एका फटक्यात लागले, पण त्याने चार्ट पाहिला नव्हता आणि औषध देऊन झाल्यावर तो नोंदी लिहायला पाठ फिरवून बसला. आपल्याकडे कॉफीच्या वेळी कौतुक त्याचे होते. फॉर्मवर मात्र वरची पातळी पहिल्याला मिळाली पाहिजे.

या सगळ्या वेळात तुम्ही बोलायचे नाही. सूचना दिली की ते शिकवणे होते, मूल्यमापन राहत नाही. सूचना द्यावीच लागली तर ‘सांगावे लागले’ अशी नोंद त्या कलमापुढे करावी. रुग्ण जागा असतो हेही विसरू नये : ‘अरे, चुकीच्या जागी गेलास’ हे आजींनी ऐकायचे वाक्य नाही.

पाचवी पायरी : त्याच दिवशी लिहा, क्रियापदाने लिहा

संध्याकाळपर्यंत ठेवलेले निरीक्षण आठवणीत चपटे होते आणि ‘ओव्हरऑल गुड’ एवढेच उरते. फॉर्म केस संपता संपता, ओटीतच भरावा. ‘आत्मविश्वास कमी’ असे लिहिण्यापेक्षा ‘सुई हाडाला लागल्यावर मागे न घेता तीनदा दिशा बदलली’ असे लिहिले तर रेसिडेंटला काय सुधारायचे ते कळते, पुढच्या शिक्षकाला काय पाहायचे ते कळते, आणि उद्या त्या निर्णयाला कोणी हरकत घेतली तर तुमच्याजवळ आधार राहतो.

परीक्षकाच्या ठरावीक चुका आपल्या हातून होतात की नाही ते स्वतःच तपासावे. व्हायवात उत्तम उत्तरे देणाऱ्याच्या हातालाही आपण नकळत वरचे गुण देतो. सगळ्यांना मधली श्रेणी देऊन सुटतो. आधीचा रेसिडेंट फार कच्चा निघाला की नंतरचा साधाही चमकतो. शिक्षकांतही काही स्वभावतः कडक, काही सैल असतात. याला उपाय एकच : विभागातल्या शिक्षकांनी अधूनमधून एकत्र बसून एखाद्या प्रोसीजरची चित्रफीत पाहावी, स्वतंत्रपणे फॉर्म भरावेत आणि मग एकमेकांचे फॉर्म शेजारी ठेवून फरक का पडला यावर बोलावे. चित्रफीत अर्थात रुग्णाच्या संमतीने आणि ओळख लपवूनच वापरावी. ही बैठक टाळली तर बाकी सगळी व्यवस्था कागदी राहते.

सहावी पायरी : अभिप्राय द्या, निकाल नव्हे

सुरुवात रेसिडेंटच्या स्वतःच्या मतापासून करावी : ‘तुला काय नीट झाले असे वाटते, आणि पुन्हा केलेस तर काय बदलशील?’ स्वतःची चूक ओळखणाऱ्याला ती सांगण्यात वेळ घालवावा लागत नाही, आणि न ओळखणारा रेसिडेंट चूक करणाऱ्यापेक्षा अधिक काळजीचा असतो. त्यानंतर पाहिलेल्या एक-दोन गोष्टी नेमक्या शब्दांत सांगाव्यात आणि पुढच्या वेळी काय करायचे ते ठरवावे. दहा उणिवा एका दमात सांगितल्या तर एकही लक्षात राहत नाही. सर्जन, सिस्टर आणि कनिष्ठ यांच्यासमोर बोलू नये. रिकव्हरीचा कोपरा किंवा चेंजिंग रूम बरी. आपल्या पिढीला सर्वांसमोर रागावून शिकवले गेले, म्हणून तीच पद्धत योग्य ठरत नाही.

सातवी पायरी : एका केसवर शिक्का मारू नका

एकच निरीक्षण, मग ते कितीही बारकाईने केलेले असो, फारसे विश्वासार्ह नसते. वेगवेगळे रुग्ण, वेगवेगळे शिक्षक आणि वेगवेगळ्या वेळा मिळून चित्र तयार होते. म्हणून लॉगबुकमधील आकडा आणि निरीक्षणे या दोन्ही गोष्टी हव्यात. आकड्याबद्दल एक अभ्यास मुद्दाम सांगावासा वाटतो. स्वित्झर्लंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिल्या वर्षाच्या रेसिडेंटांना ट्यूब घालण्यात ९० टक्के यश यायला सरासरी ५७ प्रयत्न लागले, तर एपिड्युरलमध्ये (पाठीत कण्याजवळ बारीक नळी ठेवून दिलेल्या भुलीत) ९० प्रयत्नांनंतरही यश ८० टक्क्यांच्या आसपास होते. याचा अर्थ ५७ ही जादूची संख्या आहे असा नाही. सरासरीच्या मागेपुढे माणसे असतातच, आणि ‘वीस झाल्या, सही करा’ ही मागणी किती अपुरी आहे एवढे त्यातून नक्की कळते.

प्रत्येक रेसिडेंटची स्वतःची चढण पाहण्यासाठी क्युसम आलेख (यश-अपयशांची साठत जाणारी बेरीज दाखवणारी रेषा) हे साधन भूलशास्त्रात १९९० च्या दशकापासून वापरले जाते आणि ते साध्या एक्सेल शीटवर होते. समजा, स्पायनलमध्ये १० टक्के अपयश चालण्याजोगे आणि २० टक्के न चालण्याजोगे मानले. तर प्रत्येक यशाला रेषा ०.१४५ ने खाली आणि प्रत्येक अपयशाला ०.८५५ ने वर न्यायची. निष्कर्षात चूक होण्याची शक्यता दोन्ही बाजूंनी १० टक्के धरली तर सीमारेषा २.७१ च्या अंतरावर येतात. रेषेने खालची सीमा ओलांडली तर कामगिरी चालण्याजोग्या मर्यादेत आहे असे म्हणता येते. वरची ओलांडली तर थांबून पाहावे. हिशेब केला तर दिसेल की एक अपयश भरून काढायला सुमारे सहा यशे लागतात आणि कोऱ्या पाटीवरून खालची सीमा गाठायला सलग एकोणीस यशे लागतात. अपयश म्हणजे काय हे आधी ठरवून सर्वांना सांगितले पाहिजे. दोनपेक्षा जास्त वेळा टोचावे लागले, वरिष्ठाने हात घातला किंवा जनरल (पूर्ण भूल) द्यावे लागले, तर अपयश, अशी व्याख्या मला व्यवहार्य वाटते. नोंद रेसिडेंट स्वतः ठेवतो, म्हणून क्युसम शिक्षा देण्यासाठी वापरायचे नाही; ज्या दिवशी त्याचा उपयोग धाक दाखवण्यासाठी होईल त्या दिवसापासून अपयशांची नोंद होणे थांबेल.

आठवी पायरी : जे ओटीत दिसत नाही ते तयार करून पाहा

ट्यूबही जात नाही आणि ऑक्सिजनही पोहोचत नाही, ॲनाफायलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), स्थानिक भुलीच्या औषधाची विषबाधा, मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीच्या औषधाने शरीर धोकादायक तापणे), हे प्रसंग तीन वर्षांत एखाद्या रेसिडेंटच्या वाट्याला एकदाही येणार नाहीत, आणि आले तर तेव्हा मूल्यमापन करत बसता येणार नाही. यासाठी सिम्युलेशन आणि ऑस्की. ऑस्कीची पद्धत रोनाल्ड हार्डेन यांनी डंडी येथे १९७५ मध्ये मांडली : ठरावीक वेळेची अनेक स्टेशने, प्रत्येकाला तेच काम आणि तोच गुणतक्ता.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. मानेतून आपत्कालीन मार्ग काढण्याचे स्टेशन खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या श्वासनलिकेवर उत्तम होते : १० नंबरचे ब्लेड, बूजी आणि कफ असलेली ६ नंबरची ट्यूब, बस. कापले की नाही याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे काय, तर ‘ऑक्सिजन जात नाही, मी मानेतून मार्ग काढतो आहे’ हे मोठ्याने जाहीर करायला किती वेळ लागला. विषबाधेच्या स्टेशनवर २० टक्के लिपिड इमल्शनचा पहिला बोलस किलोमागे १.५ मिली हे पाठ असणे ठीक. पण ती बाटली तुमच्या ओटीत कोणत्या कपाटात आहे हे रेसिडेंटला दाखवायला सांगावे. बऱ्याच जणांची अडचण तिथे होते, आणि ती परीक्षेत कळलेली बरी.

अशा प्रसंगांत हाताबरोबर डोकेही पाहायचे असते. ॲबर्डीन येथे तयार होऊन २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली ॲन्ट्स ही पद्धत त्यासाठी चार गट देते : कामाचे नियोजन, संघभावनेने काम, परिस्थितीचे भान आणि निर्णय. पाहण्याची खूण अगदी साधी असू शकते. सॅचुरेशन उतरताना रेसिडेंट मॉनिटरचा आवाज ऐकून मान वर करतो का? ‘कोणीतरी सक्शन द्या’ म्हणतो की ‘सिस्टर, सक्शन’ असे नेमक्या व्यक्तीला सांगतो? मदत मागतो कधी, आधी की शेवटी? वेळेवर मदत मागणाऱ्याला वरची श्रेणी द्यावी, आणि तशी दिली हे त्याला सांगावेही. नाहीतर मदत मागणे म्हणजे कमीपणा ही समजूत आपणच पक्की करतो.

नववी पायरी : मागे पडलेल्या रेसिडेंटच्या बाबतीत

हे काम कोणालाच आवडत नाही. मुलगा मेहनती आहे, ड्यूट्या करून थकलेला आहे, वर्ष वाया जाईल, अशा कारणांनी आपण खालची पातळी लिहायचे टाळतो आणि प्रश्न अंतिम परीक्षेच्या बाह्य परीक्षकावर ढकलतो. त्याला अर्ध्या दिवसात तो सुटणारा नसतो. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांतच जे दिसते ते लिहावे, आणि ते लिहिताना कारणही शोधावे. हाताची अडचण आहे की संधीच कमी मिळाली? झोप होते का? ट्यूब घालायच्या वेळी नेहमी वरिष्ठ रेसिडेंट पुढे होतो का? संधी न मिळालेल्याला नापास करणे अन्याय आहे; त्याला आधी केसेस द्याव्यात. खरोखर हात मागे असेल तर ठरावीक काळाची योजना लेखी करावी : मॅनिकिनवर अमुक सराव, सोप्या केसेसची लिस्ट, एकच नेमलेला शिक्षक, आणि शेवटी ज्याने आधी पाहिलेले नाही अशा दुसऱ्या शिक्षकाकडून निरीक्षण. तोपर्यंत रात्रीच्या ड्यूटीवर त्याच्याबरोबर कोण असेल हे ड्यूटी लिस्ट लावणाऱ्याला कळवलेच पाहिजे.

आणि युनिट बदलते तेव्हा निरीक्षणांची फाइल रेसिडेंटबरोबर पुढे गेली पाहिजे. दर काही महिन्यांनी शिक्षक बदलतात, प्रत्येक जण शून्यापासून ओळख करून घेतो आणि तेच दोष नव्याने सापडतात. पुढच्या शिक्षकाला फोन करून ‘याच्या एपिड्युरलकडे जरा लक्ष दे, सुई पुढे सरकवताना डावा हात पाठीला टेकवत नाही’ एवढे सांगायला एक मिनिट लागते.